कनवटीचा तुकडा

यमुनावहिनींच्या कनवटीला भाकरीचे वाळके तुकडे नाहीत, असं मी कधी पाहिलं नाही. बाकीच्या बायका कनवटीला सुटे पैसे खोचत, कुणी तपकिरीची डबी; ह्यांची आपली भाकरी. लग्न होऊन मी मिरजेहून कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आले, तेव्हा मला तांदळाची भाकरी येत नव्हती. आमच्याकडे ज्वारीची, तिचा हात वेगळा, हिचा वेगळा. रोज तव्यावर नकाशे निघायचे. एके दिवशी कशी कोण जाणे, टम्म फुगली. तोच शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या, आत आल्या आणि माझ्या हातावर एक तुकडा ठेवून म्हणाल्या, "घे. जमली."

मी म्हटलं, "अहो, हा तर कुत्र्याचा ना?"

"मग? गुन करील त्याचा. खा लगेच. ठेवायचा नाय. ठेवला की कशापायी मिळाला ते इसरायला होतं."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! मॅट्रिक झालेली मी, आणि ही बाई मला कुत्र्याच्या रांगेत बसवते! पण त्यांचा चेहरा इतका खरा आनंदलेला होता की मी तो तुकडा मुकाट्यानं चावला. दगड होता नुसता.

कुत्र्याचं नाव शिंगल. दत्तूभावजींनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, ते पिल्लू घाटातून आणलेलं. पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला जी इंजिनं लावतात, त्यांच्यावर भावजी असिस्टंट होते. पिल्लाचा एक कान सदा वर आणि एक सदा पडलेला, म्हणून सगळी चाळ त्याला रेल्वेच्या सिग्नलवरून 'शिंगल' म्हणायला लागली. मला कुत्र्यांची भयंकर भीती. शिंगल ओट्यावर साखळीला असायचा आणि मी पाण्याला जाताना भिंतीला पाठ घासत जायचे.

साखळीला फक्त शिंगलच होता असं नाही. वहिनींच्या सासूबाई नळावर घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्या खाटेवर. दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेरच्या खोलीत खाट, खाटेवर म्हातारी, म्हातारीच्या हातात काठी. सून नजरेआड झाली की ती काठी खाटेच्या पायावर आपटायची. "यमुनेऽ! मेलीस का गं?" नळावर रांगेत असताना हाक आली की वहिनी अर्धी घागर घेऊन पळायच्या. भावजी वेळी-अवेळी ड्यूटीवर जायचे, यायचे, झोपायचे. त्यांचं म्हणणं, "मला ड्यूटी हाय. घरचं तू बघ." माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. पण दमलेल्या माणसाचा घरात काय उपयोग असतो, ते मलाही पुढं कळलंच.

त्यांच्या ओट्यावरून कुंपणापलीकडे खोपोलीची गाडी उभी दिसायची. वहिनींचं माहेर कुंभिवलीला. खोपोलीला उतरायचं आणि पुढं मिळालं वाहन तर वाहनानं, नाहीतर पायी. म्हटलं तर अंगणात. पण सासू पडल्यापासून वहिनी त्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. गाडी सुटताना त्या हातातलं काम थांबवून उभ्या राहायच्या. शेवटचा डबा दिसेनासा झाला की पुन्हा खाली बसून भांडी घासायच्या. मला ते बघवायचं नाही. मी मुद्दाम त्या वेळी आत जायचे.

शिकवणं सुरू झालं ते कॉलमनमुळे. हा कॉलमन म्हणजे इंजिनावरच्या माणसांना घरी येऊन ड्यूटीचं बोलावणं देणारा. त्याला वेळकाळ नसते. तो सायकलची घंटी वाजवत आला की शिंगल साखळीनिशी उसळायचा. एकदा त्यानं कॉलमनचा धोतराचा सोगाच फाडला. कॉलमन म्हणाला, "दत्तू, ह्याच्यापुढं मी तुझ्या दारात येनार नाय. लांबून वरडीन, ऐकलंस तर ऐकलंस." आणि तसंच झालं. भावजी झोपलेले, लांबची हाक ऐकू आली नाही, इंजीन खोळंबलं आणि भावजींना साहेबापुढं उभं राहावं लागलं. घरी येऊन त्यांनी साखळी सोडून हातात गुंडाळली. "ह्याला घाटात सोडून येतो. वाघरू खाईल नायतर मरंल."

वहिनी आडव्या आल्या. "दिवाळीपत्तुर ठेवा. तवर नाय सुधारला तर मीच सोडून येते."

"तू काय करनार?"

"त्याला काम देनार. रिकामं डोकं भुकतं. मानसाचं पन भुकतं, आपल्याला ऐकू येत नाय एवढंच."

मला वाटलं, बाईला वेड लागलं. कुत्र्याला कसलं काम? पण दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर शाळा भरली. तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली तुकडा. शिंगलनं हुंगून बरोबर वाटीवर पंजा ठेवला की तुकडा त्याचा. सगळ्या वाट्या धडाधड पाडल्या की काही नाही, डाव बंद. मग 'बस'. मग 'थांब'. 'थांब' म्हणजे वहिनी नळावरून परत येईपर्यंत जागचं हलायचं नाही. तो चुकला तर त्या हात उगारायच्या नाहीत. कपाळाला आठ्या घालून स्वतःशीच विचार करत बसायच्या. मी एकदा म्हटलं, "द्या की एक रट्टा! गाढव आहे नुसतं." तर म्हणाल्या, "जनावर चुकत नाय, बाय. कुनीतरी शिकवलेलं असतं. आज म्या काय चुकीचं शिकवलं ते बघते."

आणि एक नियम पक्का. शिंगल रंगात आला, डोळे चमकायला लागले, अजून हवं म्हणून शेपटी आपटायला लागला, की शाळा सुटली. "आसू दे हावरट. कंटाळल्यावर शिकवनं म्हंजे पालथ्या घड्यावर पानी."

हे सगळं चाललेलं असताना म्हातारी खाटेवरून बघायची. दार उघडं असायचं ना. काही बोलायची नाही. मला वाटायचं, करमणूक झाली बिचारीची.

दिवाळीआधीच कॉलमनची सायकल वाजली आणि शिंगल उठला, पण भुंकला नाही. तो शिकवल्याप्रमाणे आत गेला आणि झोपलेल्या भावजींच्या हाताला नाक लावून उभा राहिला. कॉलमन ओट्याखालीच थांबलेला. भावजी डोळे चोळत बाहेर आले. वहिनींनी एक तुकडा शिंगलला दिला आणि एक कॉलमनला! "तुमी बी आज पळाला नाय." सगळी चाळ हसली. कॉलमननं तुकडा डोक्याला लावून खाल्ला. त्या दिवसापासून साखळी खिळ्याला टांगली गेली ती गेलीच.

त्याच हिवाळ्यात वहिनींचा भाऊ आला, कुंभिवलीहून. घाईत होता, ओट्यावरच बसून चहा प्यायला. जाताना म्हणाला, "आयेचं डोळं चाल्लं. समोरचं मानूस धुकट दिसतंय तिला. म्हनते, दिसतंय तवर एकदा तोंड दाखव म्हनावं."

भाऊ गेल्यावर वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मी म्हटलं, "जा की हो! मी बसते सासूबाईंपाशी." तर मान हलवली. वहिनी दोन घरं सोडून पाण्याला गेल्या तरी म्हातारी गाव गोळा करणार. आणि माझं पहिलं मूल तेव्हा पाळण्यात, मी तरी खाटेपाशी किती बसणार?

मग डोळे पुसून म्हणाल्या, "शिंगलला शिकवते."

आता शाळा आत भरायला लागली, खाटेपाशी. म्हातारीची काठी खाली पडली की शिंगलनं ती तोंडात धरून वर द्यायची. म्हातारी "ये" म्हणाली की खाटेवर तोंड ठेवून बसायचं. आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे म्हातारीनं काठी दोनदा आपटली की पळत जाऊन माझं दार ओरबाडायचं. ह्यात मीही विद्यार्थीच होते. दार ओरबाडलं की मी हातातलं टाकून जायचं आणि शिंगलला तुकडा द्यायचा. वहिनींनी माझ्याही कनवटीला तुकडे खोचले. मी, जी भिंतीला पाठ घासत चालणारी, ती कुत्र्याच्या तोंडात भाकरी भरवायला लागले! आमच्या ह्यांना हसून हसून ठसका लागला.

शिंगलला सगळं जमलं. म्हातारी तर त्याच्यावाचून जेवेना. उशीखाली त्याच्यासाठी तुकडे राखून ठेवायला लागली. वहिनी खूश. "बघ, दोगांचं जमलं." त्याच दिवसांत वहिनींच्या एका जुन्या लुगड्याच्या काठाला भोकं पडायला लागली. उंदरांचा सुळसुळाट झालाय म्हणून आम्ही दोघींनी उंदरांना यथेच्छ शिव्या घातल्या.

जायचा दिवस ठरला. भावजी ड्यूटीवर. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्यानं परत. पहिलीच खेप म्हणून मी मुलाला घेऊन वहिनींच्याच घरात येऊन बसलेली. वहिनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या, आईसाठी डिंकाचे लाडू बांधून घेतले. खाटेखालून चपला काढल्या. बाहेरच्या चपला, नळावर वगैरे त्या अनवाणीच जायच्या, त्यामुळं त्या चपला नुसत्या पडून असायच्या. त्यांनी चपला जमिनीवर आपटून झटकल्या, पायात घातल्या, आणि शिंगल विजेसारखा आला. दारात आडवा उभा राहिला आणि त्यानं हिरव्या लुगड्याचा काठ दातांत धरला.

"सोड. शिंगल, सोड."

सोडेना. गुरगुरला नाही, भुंकला नाही, नुसता धरून राहिला आणि मान वळवून खाटेकडे बघायला लागला. मी पुढं झाले तेव्हा त्यानं काठ सोडला, खाटेकडे धावला, शहाण्यासारखा बसला आणि नाक वर करून वाट बघायला लागला. आणि म्हातारीचा हात, तिच्याही नकळत असेल, उशीखाली गेला.

तुकडा तिच्या बोटांत तसाच राहिला. उंदीर कुठला उंदीर! वहिनी नळावर गेल्या की ही बाई काठीनं त्यांच्या चपला ओढायची, ठक ठक आपटायची, आणि खाटेवरून जुनं लुगडं खाली सोडायची. कुत्र्यानं काठ धरला की तुकडा, लगेच. महिनोन्महिने पडल्या पडल्या बघून म्हातारीनं सगळी विद्या उचलली होती.

माझं डोकं फिरलं. "अहो, काय बाई आहात तुम्ही! तिची आई तिकडे आंधळी होत चाललीय आणि तुम्ही—"

"गप गं," वहिनी म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. आधी हसल्या. खरंच हसल्या. "बघ की कसं शिकवलंय. माज्यापेक्षा बरं शिकवलं." आणि मग हसता हसताच रडायला लागल्या. कुंपणापलीकडे गाडीनं शिट्टी दिली. आम्ही दोघींनी ती ऐकली. शिंगल बिचारा अजून तुकड्याची वाट बघत बसला होता.

गाडी निघून गेल्यावर वहिनींनी विचारलं, "आत्याबाई, कशापायी?"

म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू गेलीस न् परत नाय आलीस तर? माजं मी कूस बदलू शकत नाय. जीव गेला तर हा मुका तोंडात पानी घालील का?"

मी घरी येऊन भांडी आपटली. त्या बाईचं मला तोंड बघायचं नव्हतं. पण वहिनींच्या मनात दुसरंच. संध्याकाळी म्हणाल्या, "ती चुकली नाय. तिला भ्या शिकवलंय त्या खाटेनं. आता आपन दुसरं काय तरी शिकवू."

आणि या बाईनं सासूला शिकवायला घेतलं! रोज चपला घालायच्या, उंबऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं, म्हातारीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. पहिल्या दिवशी म्हातारी भडकली. "मी काय कुत्री हाय?"

"नाय. कुत्र्याला मी गूळ देत नाय, भाकर देते."

म्हातारीनं खडा तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत. मग नळापर्यंत. मग वाण्यापर्यंत. म्हातारीला भीती वाटायच्या आत परत यायचं, हा नियम. रुळांकाठी आयुष्य काढलेली म्हातारी, तिला आवाजावरून गाडी कळायची. वहिनी सांगून जायच्या, "पुन्याची गाडी घाटातून खाली उतरायच्या आत येते." आणि यायच्याच. वाण्याकडे गर्दी असली तर सामान तिथंच टाकून यायच्या. एकदा तर पिठाच्या गिरणीवर दळण अर्धं सोडून आल्या. मी ओरडले, "अहो, पाच मिनिटांनी काय होतंय!" म्हणाल्या, "एक येळ चुकले की पहिल्यापास्नं." शिंगललाही काठ न धरण्याचा तुकडा मिळू लागला. त्याला काय, भाकरीशी मतलब.

उन्हाळा लागता लागता वहिनी खोपोलीच्या गाडीत बसल्या. मी खाटेपाशी बसून शेंगा सोलत होते. म्हातारी एकेका गाडीचा आवाज ऐकत होती. शिंगल तिच्या पायाशी. तिनं काठी एकदा उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली ठेवली. मला भरून आलं. खरं सांगते, त्या क्षणी मी तिला माफ केलं.

वहिनी दुपारच्या गाडीनं आल्या, सांगितल्या वेळेला. धावतच आल्या, घामानं निथळत. "दिसले गं मी तिला! गालावर हात फिरवला न् म्हनाली, यमुने, किती वाळलीस. म्हंजे दिसलं ना!" मी गूळ पुढं केला, म्हातारीला द्यायला. पण म्हातारीनंच उशीखालून एक तुकडा काढून वहिनींपुढं धरला.

"घे. आलीस."

वहिनींनी तो लगेच खाल्ला. मग प्रत्येक वेळी तसंच व्हायला लागलं. वहिनी कुठूनही आल्या की म्हातारीच्या हातात तुकडा तयार. आम्हाला मोठी गंमत वाटायची.

म्हातारी त्यानंतर काही वर्षांनी गेली, झोपेत. शेवटच्या दिवसांत वहिनींनी तिला लेकीसारखं केलं. तेरावं झालं आणि मी म्हटलं, "आता आठ दिवस माहेरी राहून या. भावजींचं जेवण आमच्याकडे. मीच नेऊन सोडते." गेलो दोघी. आई आता पुरतीच आंधळी, पण पावलांवरून लेक ओळखली. तिनं चाचपडत चुलीपाशी बसून लेकीसाठी भाकऱ्या भाजल्या, गोधडी अंथरली. कैरीचं तिखट, वांग्याचं भरीत, काय जेवलो त्या दिवशी! आणि दुपार कलायला लागली तशी वहिनींची चुळबूळ सुरू झाली. उठल्या. बसल्या. अंगणात जाऊन उन्हाकडे पाहून आल्या. आणि मग चपला पायात.

आई म्हणाली, "यमुने? आता कुनासाठी गं?"

वहिनी दारात तशाच उभ्या. "कोन नाय," म्हणाल्या. "पन जीव थाऱ्यावर नाय माजा."

मी हात धरला, रागावले, गळ घातली. एक रात्र, म्हटलं, एक! त्या चपला काढेनात. शेवटी आलो परत, त्याच दुपारच्या गाडीनं. आई दाराची चौकट धरून उभी होती. डब्यात वहिनी खिडकीशी बसल्या, भावजी ड्यूटीवर, घर रिकामं, त्या घराकडे जाणाऱ्या गाडीत, आणि जसजसं कर्जत जवळ आलं तसतसा त्यांचा श्वास सुटा होत गेला. मला ते बघून इतका संताप आला, इतकं वाईट वाटलं, की मी तोंड फिरवून बसले.

"रागावू नको, बाय," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईला शिकवता शिकवता मीच शिकले. तुकडा देनारी गेली, सवय नाय गेली."

"मग मोडा की सवय! शिंगलची मोडलीत ना? रोज थोडं थोडं."

"त्याला मी व्हते," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, मी आहे ना. आणि मी खरंच प्रयत्न केला. गूळ घेऊन, भाकरी घेऊन, भांडून, गोड बोलून. बाजारापर्यंत यायच्या, पुलापर्यंत यायच्या. माहेरीही जायच्या, पण दुपारच्या गाडीनं परत. मुक्काम कधी नाही. माझ्यात त्यांच्यासारखी चिकाटी नव्हती, दोन मुलं होती, आणि मग आमच्या ह्यांची सोलापूरला बदली झाली.

निघायच्या दिवशी वहिनी फलाटावर आल्या. बरोबर शिंगल, थकलेला, आता त्याचे दोन्ही कान पडलेले. सामान चढलं, मुलं चढली. गाडीला मागून इंजीन लागल्याचा धक्का बसला. वहिनींची नजर घराकडे वळायला लागली होती, ते मला कळत होतं. मी म्हटलं, "जा वहिनी. उशीर होतोय तुम्हाला."

त्यांनी कनवटीला हात घातला. खिडकीच्या गजांतून माझ्या तळहातावर तुकडा ठेवला आणि माझी मूठ मिटली.

"घे. लांब चाल्लीस. जमलं तुला."

गाडी हलली. शिंगल फलाटावर बसून राहिला होता, वहिनी 'बस' म्हणाल्या होत्या म्हणून. आणि त्या पाठमोऱ्या, भराभरा, घराच्या वाटेला लागल्या होत्या. मुलं विचारत होती, आई, हातात काय आहे? आई, का रडतेस?

तुकडा ठेवायचा नसतो. मी तो तिथंच खाल्ला.